नगरातलं हॉलंड

आमच्या पुणतांब्यात माणसानं काही करून दाखवायच्या आधीच त्याचा सत्कार उरकून घेतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण कुणी रचली ते मला माहीत नाही, पण तो माणूस आमच्याकडे येऊन गेलेला असणार. मी शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजचा हॉलंडमधल्या एका कॉलेजशी करार होता आणि त्यात काही मुलामुलींना एक सत्र, म्हणजे पाचसहा महिने, तिकडे शिकायला पाठवत. माझी निवड झाल्याचा फोन घरी आला तेव्हा व्हिसासाठी मुंबईला जायची तारीखसुद्धा मिळालेली नव्हती. तरी त्याच आठवड्यात स्टँडवर फ्लेक्स लागला.

फ्लेक्सवर माझा दहावीच्या वेळचा फोटो होता, दोन वेण्यांचा. मागे विमान, बाजूला कसलीतरी लाल फुलं आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, तेही माझ्या फोटोपेक्षा मोठे. मग मारुतीच्या देवळापुढं मांडव घालून सत्कार झाला. शाल, श्रीफळ, डोक्याला फेटा. पप्पांनी माइक हातात धरून सांगितलं की माझी पोरगी तिकडून जे शिकून येईल ते आपल्या सगळ्यांच्या रानात उतरवू. पप्पांचं गावात खतं-बियाणांचं दुकान आहे. त्यांनी हे बी पेरा म्हटलं की लोक तेच पेरतात, इतका त्यांच्या शब्दाला मान. त्यामुळं हेही लोकांनी खरं मानलं आणि टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात पुढच्या खुर्चीवर आबा बसले होते, पप्पांचे वडील. सगळं आयुष्य पेरूच्या बागेत गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. मी पहिलीत होते तेव्हापासून शाळेतून आले की 'आज काय शिकलीस?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नुसतं 'काही नाही' म्हटलेलं चालत नसे. एकदा मी पानफुटीच्या पानाला रोप फुटतं ते सांगितलं, तर लगेच त्यांनी विचारलं, मग पेरूच्या पानाला का फुटत नाही? मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, तर बाईंनाही येत नव्हतं. आबा खूश झाले. म्हणाले, "मंग तू शिक आन बाईंना सांग." शेतीचं शिकायचं माझ्या डोक्यात तिथून शिरलं असावं.

सत्कार झाला, जेवणं झाली, आणि जायच्या दोनच दिवस आधी व्हिसा नाकारल्याचं कळलं. कारण दिलं होतं ते असं, की सत्र संपल्यावर मी माझ्या देशात परत येईन याची त्यांना खात्री वाटत नाही. जिला कोपरगावाच्या पुढं एकटीला पाठवायचं का नाही यावर घरात रात्र रात्र चर्चा व्हायची, ती पोरगी परत येणार नाही अशी भीती कुणालातरी वाटली. मी ते दोनदा वाचलं आणि हसले. आई रडायला लागली तेव्हा मला कळलं की हे हसण्यासारखं नाही.

खरं म्हणजे वाट बंद झाली नव्हती. कॉलेजनं फोनवर सांगितलं, हॉलंडचं राहू द्या, हे सत्र बाहेर एखाद्या चांगल्या ठिकाणी प्रशिक्षण घेऊन पूर्ण करा, आम्ही धरू. माझी मावशी नगरला सावेडीत राहते. तिच्या यजमानांच्या ओळखीनं एमआयडीसीतल्या एका टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत माझी सोयही झाली. तिथं केळीची आणि डाळिंबाची रोपं बाटल्यांतून तयार करत. शिकायचं शिकणं होतंच, वर्षही वाया जाणार नव्हतं. अडचण होती ती फक्त स्टँडवरच्या फ्लेक्सची.

पप्पांनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. खतांच्या गोण्यांवर आम्ही तिघं बसलो. पप्पा म्हणाले, "आबांचं काळीज आधीच नाजूक हाय. डॉक्टरनं काय सांगितलंय? धक्का सोसायचा न्हाई त्यांना." आणि मग खाली बघत म्हणाले, "सहा महिन्यांचा तर सवाल हाय. तू जा नगरला. गावाला वाटू दे तिकडं गेली म्हनून."

मी म्हटलं, "आबांना मी सांगते. त्यांना काही होत नाही." पप्पा म्हणाले, "आबांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. सकाळी त्यांना सांगितलं की दुपारी पारावर जाईल." ते खरंच होतं. पण आबांचं काळीज पुढं करून पप्पांनी स्वतःची लाज झाकली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मी तसं बोलूनही दाखवलं. आईनं माझा हात दाबला. घरात पप्पांचा आवाज चढला की आई नेहमी माझाच हात दाबते, त्यांचा कधी दाबलेला मी पाहिला नाही.

निघायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. औक्षण झालं, हातावर दही पडलं, ओटी भरली. गावची रीत अशी की कुणी विमानानं जाणार असेल तर त्याला सोडायला अख्खी क्रूझर भरून माणसं जातात. पप्पांना एकेकाला समजावता समजावता घाम फुटला. विमानतळावर आता आत सोडत नाहीत, नियम बदललेत, असं ते सांगत होते. काकांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, तरी हट्ट धरला. "आत न्हाई सोडलं तर भायेरून बघू की इमान." शेवटी गाडीत जागा नाही हे दाखवायला बॅगा मागच्या सीटवर आडव्या टाकल्या तेव्हा ते थांबले. आबांनी पेरूची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "इमानात भूक लागली तर खा. आन तिथल्या मास्तरांना एक दे. इचार, असा पिकतो का म्हनावं तुमच्यात."

गाव दिसेनासं होईपर्यंत आम्ही कोपरगावच्या रस्त्यानं गेलो, कारण मुंबईला तिकडूनच जातात. मग पप्पांनी एका ढाब्यापाशी गाडी वळवली आणि आडरस्त्यानं नगरची वाट धरली. राहुरीच्या पुढं आईनं पिशवीतला एक पेरू काढून पुसला आणि मला दिला. मी तो खिडकीतून फेकून दिला. आईनं पिशवी स्वतःच्या पायाशी ठेवली.

मावशीच्या फ्लॅटची मागची खोली म्हणजे माझं हॉलंड. भिंतीला पांढरी चादर लावली होती, म्हणजे फोनवर दिसताना कुठलंही घर वाटावं. आबा रोज व्हिडिओ कॉल करायला लावत, कधी काकांच्या फोनवरून, कधी पप्पांच्या. तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणून मी संध्याकाळी दुपारचे कपडे घालायची आणि सकाळी झोपेतून उठल्यासारखा चेहरा करायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर घालून, पंखा बंद करून, खिडकी लावून बसायची, कारण खाली भाजीवाल्याचा भोंगा फिरायचा. एकदा कॉल चालू असताना मावशीच्या कुकरची शिट्टी झाली. आबांनी लगेच विचारलं, "तिकडं बी कुकर?" मी म्हटलं, शेजारी आपल्याकडच्या मुली राहतात. आबा म्हणाले, "बरं झालं. वरन-भात तरी मिळल तुला." त्यांना जितकं लवकर पटायचं तितका मला राग यायचा. राग पप्पांचा होता, पण फोनवर समोर आबाच असायचे.

बाहेर पडताना मी तोंडाला स्कार्फ बांधायची. नगरला निम्म्या मुली तसाच बांधतात, नुसते डोळे दिसतात, त्यामुळं गावचं कुणी समोरून गेलं तरी ओळखायचं नाही. गावाकडची माणसं कोर्टाला, दवाखान्याला, कलेक्टर कचेरीला नगरलाच येतात. माळीवाड्याच्या स्टँडवर एकदा आमच्या शेजारचे काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, श्रीरामपूर गाडी कुठं लागती?" मी बोटानं दाखवलं. आवाज काढला नाही.

प्रयोगशाळेत मात्र मी खरंच शिकत होते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात धुतलेल्या चपला, आणि काचेच्या कपाटापुढं बसून केळीच्या कोंबाचा हरभऱ्याएवढा तुकडा कापायचा. हात थरथरला किंवा श्वास चुकीचा पडला की बाटलीत बुरशी. सुरुवातीला माझ्या बाटल्यांमागून बाटल्या फेकाव्या लागल्या. मग हात बसला. एका कोंबाला चार फुटतात, चाराचे सोळा होतात, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून आबांना फोन लावला. ते सगळं त्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे पेरूच्या पानाचं तुला सापडलं म्हन की." मी म्हटलं, पानाचं नाही आबा, शेंड्याचं. तेवढंही त्यांना पुरलं. मी सांगत होते ते शिकणं खरं होतं, फक्त गाव खोटं होतं. आबा मात्र दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन हॉलंडमध्ये केळी बाटलीत लावतात म्हणून सांगून आले.

थंडी सुरू झाली तसा आबांचा आवाज खाली गेला. आधी दम लागायचा, मग पायावर सूज आली. कॉलवर ते थोडंच बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "कधी येनार बाई?" मी पप्पांना फोन करून सांगितलं की मी घरी येते, आता बास झालं. पप्पा म्हणाले, "आता दोन म्हैने राहिलेत. एवढे दिस काढले ना?" मी म्हटलं, मी मधेच परत आले असं सांगा, काहीही सांगा. पप्पा म्हणाले, "मधीच का आली, काय झालं, हे लोक इचारतील. पोरीच्या जातीला लई काय काय इचारत्यात." गाव काय काय विचारू शकतं हे मलाही माहीत होतं.

मग एक दिवस आबांना नगरलाच आणलं, एका खासगी दवाखान्यात, मावशीच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. छातीत पाणी झालं होतं. मला वाटलं, आता तरी देवानंच सोय केली. पण आमच्याकडे माणूस दवाखान्यात असला की त्याला भेटायला जायचं हे लग्नाला जाण्याइतकं सक्तीचं असतं. रोज गाडी भरून माणसं येत. खोलीत, व्हरांड्यात, खाली चहाच्या टपरीवर, सगळीकडे पुणतांबं. मी पहिल्या दिवशी स्कार्फ बांधून जिन्यापर्यंत गेले आणि गल्लीतल्या बायका वर बसलेल्या पाहून परत आले. पप्पा फोनवर म्हणाले, "थांब जरा. गर्दी कमी झाली की मीच तुला नेतो." त्यांना न्यायचंच होतं, हे मी मान्य करते. तेही रडत होते.

त्या दिवसांत आबा मला दवाखान्यातून कॉल करत. काका फोन धरायचे. आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असायचा, ते नुसता हात हलवायचे. मी चादरीपुढं बसून हात हलवायची. माझ्या खिडकीतून ज्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायचा, तीच पुढं त्यांच्या दवाखान्याच्या दारात जाऊन थांबत असेल असं मला वाटायचं. काका म्हणायचे, "आबा, बघा, तिकडं बर्फ पडायला लागला असंल आता." आबा मान हलवायचे.

त्यांना अतिदक्षता विभागात हलवल्यावर मी कुणाला न विचारता गेले. दुपारची वेळ होती, भेटायची वेळ संपलेली, व्हरांडा मोकळा. दारावर वॉचमन बसला होता. त्यानं पास मागितला. मी म्हटलं, पास वडिलांकडे आहे, आत माझे आजोबा आहेत, पुणतांब्याचे.

"ते पेरूवाले बाबा? तुमी कोन त्यांच्या?"

"नात."

तो जरा हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, "ताई, नात तर हॉलंडला हाय त्यांची. समद्या नर्सांना सांगून झालंय. एकच नात हाय म्हनले." मग आवाज बारीक करून म्हणाला, "लांबच्या असाल तर सांजच्याला या. आता सोडता येत न्हाई."

मी स्कार्फ सोडला असता, आधारकार्ड दाखवलं असतं, तरी चाललं असतं. मी पर्समध्ये हातही घातला होता. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आतून काका बाहेर आले, बरोबर गावची दोन माणसं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या दृष्टीनं स्कार्फ बांधलेली कुणीतरी मुलगी होती. मी भिंतीकडे तोंड करून फोन कानाला लावला आणि जिन्यानं खाली उतरले. संध्याकाळी पप्पांचा फोन आला. म्हणाले, उद्या पहाटे कुणी नसतं, मी तुला आत नेतो, तयार राहा. पहाटे मी तयार होऊन बसले होते. आबा त्याच्या आधीच गेले होते.

त्यांना नगरहून गावी नेलं ती गाडी सावेडीवरूनच गेली. मावशी आणि तिचे यजमान माती द्यायला गेले. मी घरात राहिले. मुलगी हॉलंडहून एवढ्यात येऊ शकत नाही, आणि यायचा हट्ट धरला तर परीक्षा बुडेल, असं पप्पांनी गावात सांगितलं होतं. लोक हळहळले. लोकांनी मला फोनवर धीर दिला. काय म्हणावं याला? मी दोन तासांच्या वाटेवर भात-आमटी खात बसले होते आणि बायका मला सांगत होत्या, एवढ्या लांब एकटी आहेस, काळजी घे.

दहाव्याला आमच्याकडे गोदावरीच्या घाटावर मोठी गर्दी जमते. आधी महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली, मग पिंड. त्या दिवशी मी सकाळपासून खोलीत बसून होते. फोन येईल असं वाटलं नव्हतं. पुढचं काही मी स्वतः पाहिलं, काही आईनं सांगितलं.

पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. उंबरावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना. मुलांनी हात जोडले, भावकीनं हात जोडले. कुणी म्हणालं, बागेचं बघू आबा, एकही झाड तोडणार नाही. कुणी म्हणालं, म्हातारीच्या, म्हणजे आधीच गेलेल्या आमच्या आजीच्या, नावानं देवळाला पायऱ्या बांधू. पिंडाशेजारी बागेतला पेरू कापून ठेवला. कावळे तसेच. ऊन वर आलं. तेव्हा काका म्हणाले, "नातीत जीव हाय त्यांचा. लावा तिला फोन."

पप्पा म्हणाले, "तिकडं रात हाय आता. झोपली असंल."

"आबा उपाशी चाललेत आन तुमी तिच्या झोपेचं बघता?" काकांनी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला.

मी उचलला. काकांनी मला काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, "मी फोन पिंडापुढं धरतो. म्हन, आबा, मी बरी हाय, माझं शिक्शन नीट चाललंय, पुरं करून माघारी येते, तुमी सुखानं जा." मग फोन फिरला. मला पत्रावळ दिसली, भाताचे गोळे, काळे तीळ, मागे पाणी, आणि कडेला ओल्या धोतरातले पप्पांचे पाय. त्या पायांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि ते परत थांबले.

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. अख्खं गाव ऐकत होतं. आबा, मी इथंच आहे, नगरला, मी तुमच्या दारापर्यंत आले होते, मला आत सोडलं नाही. एवढंच वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं, पण पप्पांची लाज जाईल म्हणून नव्हे. पप्पांची लाज त्या क्षणी माझ्या लेखी मेली होती. पण समोर पिंड होता. मी शेतीशास्त्र शिकलेली मुलगी, कावळा भुकेला असला तर येतो आणि माणसांच्या गर्दीला भितो, हे मला कळतं. तरी त्या पिंडाकडे बघताना मला वाटलं की आबा खरंच तिथं अडकून बसलेत, आणि खरं सांगितलं तर ते कायमचे अडकतील. नात दहा मिनिटांवर असून आली नाही, हे घेऊन माणूस जाणार कुठं? मी म्हटलं, "आबा, मी बरी आहे. शिक्षण नीट चाललंय. पुरं करून येते. तुम्ही जा."

कावळा आला. आधी एक, भाताला चोच लावून बाजूला झाला, मग चारपाच. घाटावरच्या बायका एकदम रडायला लागल्या. काकांनी फोन स्वतःकडे वळवला, त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "बघ बाई, कुठून कुठं पोचला तुझा आवाज."

गावाला फसवलं त्याचं मला काही वाटत नाही, गावाची तीच लायकी होती. पण आम्ही गेलेल्या माणसालाही फसवलं, आणि तो बिचारा विश्वास ठेवून निघून गेला. मी आबांवरही रागावले. पेरू हातात घेऊन आतली अळी सांगणारे आबा, त्यांना माझ्या आवाजातलं एवढं कळू नये.

सत्र संपल्यावर मी 'परत' आले, आबांच्या फोटोला हार घातला, पुण्यातून घेतलेली चॉकलेटं वाटली. कुणाला कधी काही कळलं नाही. मी आता त्याच प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सुटीला गावी जाते. पप्पा आणि मी कामापुरतं बोलतो. त्यांनी एकदाच विषय काढला होता, आई नसताना. म्हणाले, "मी पाऊल टाकलं हुतं पुढं." मी म्हटलं, "मी पाहिलं." तेवढ्यावर आम्ही दोघं उठलो.

एक गोष्ट मात्र गावानं धरून ठेवली. आता घाटावर कावळा शिवेना झाला की बाहेरगावच्या मुलांना फोन लावतात आणि पिंडापुढं धरतात. माझा दाखला देतात. या वर्षी आमच्या गल्लीतली एक आजी गेली. तिचा नातू जर्मनीत शिकतोय, खरंच जर्मनीत. मी त्या दिवशी गावी होते, बायकांत उभी होते. त्याला फोन लावला. त्याच्याकडे खरंच पहाट होती, तो खरंच अंधारात बसून हुंदके देत होता, नोकरी लागली की आधी येऊन तुझ्या फोटोला नमस्कार करीन म्हणत होता. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. परतताना लोक बोलत होते की पोराचं मन नव्हतं त्यात, आबांच्या नातीचं बघा, एका शब्दात सुटला म्हातारा.

संध्याकाळी मी त्या मुलाच्या आईकडे गेले. काकू चुलीपाशी बसल्या होत्या, चूल विझलेली. म्हणाल्या, "काय कमी पडलं गं माझ्या पोराचं?" मला ते सहन झालं नाही. मी दार लोटलं आणि त्यांना सगळं सांगितलं. सावेडी, चादर, स्कार्फ, वॉचमन, फोन, सगळं. म्हटलं, काकू, तुमच्या पोराचं खरं होतं, माझं खोटं होतं, उद्या मी पारावर जाऊन सांगते.

मला वाटलं, शिव्या देतील. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि दाराकडे बघत, कुणी ऐकेल या भीतीनं दबक्या आवाजात म्हणाल्या, "नको सांगू कोनाला. आबांना कळंल. माघारी येतील ते."